एक सायकल घेणे आहे

या लेखाला निमित्त झाली ती आमच्या वसतिगृहाच्या जिन्याखाली वर्षभर धूळ खात उभी राहिलेली एक लाल-काळी सायकल. ती माझी. ‘कमवा व शिका’ योजनेत दोन वर्षे ग्रंथालयातल्या पुस्तकांना पुठ्ठे घालून साठवलेल्या पैशांतून अकरा हजार रुपये मोजून मी ती घेतली आणि पुढे चार हजारांना विकली. मधल्या सात हजारांत जे शिकले ते इथे लिहिते आहे. यंदा आमच्या वर्गातल्या तिघीचौघी सायकल घेण्याच्या विचारात आहेत, आणि त्यांचेही पैसे काही झाडाला लागलेले नाहीत.

दिसायला त्या सायकलीत काही कमी नव्हते. जाडजूड टायर, पुढे शॉकअ‍ॅब्सॉर्बर, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, शिवाय दांडीवर ‘२१ गिअर’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले. “ताई, हिच्यावर डोंगर चढाल,” असे दुकानदार म्हणाला. डोंगर मला चढायचाच नव्हता. वसतिगृह ते महाविद्यालय, संध्याकाळी राजवाड्यापर्यंत आणि रविवारी संगम माहुलीला जाऊन कृष्णेच्या घाटावर घटकाभर बसून परत, एवढीच माझी झेप. त्यासाठी हवी होती हायब्रिड सायकल, हे फार उशिरा कळले.

हायब्रिड म्हटले की आमच्या गावी अजून ज्वारीच आठवते. इथेही प्रकार तोच, संकराचा. शर्यतीच्या सायकलीची चाके मोठी, हलकी आणि टायर बोटभर रुंद. पण तिच्यावर ओणवे बसावे लागते. डोंगरी सायकलीवर ताठ बसता येते, गिअर सोपे असतात. पण तिचे खडबडीत रुंद टायर डांबरी रस्त्याला चिकटून चालल्यासारखे जातात. अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकात डोंगरी सायकलींची लाट आली. तिच्यामागोमाग, पहिलीची चाके आणि दुसरीचे सरळ हँडल व गिअर घेऊन, ही मधली जात पुढे आली. टायर साधारण ३५ ते ४२ मिलिमीटर रुंद. आपल्या खड्ड्यांना तेवढा पुरतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी मला कुणीच सांगितली नाही. सायकलीलाही चपलेसारखे माप असते! पॅडलच्या धुरीपासून सीटखालच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतचे अंतर म्हणजे फ्रेमचे माप. माझी उंची ५ फूट १ इंच आणि मी घेतलेली फ्रेम १८ इंची. सीट तळाला नेली तरी पाय जेमतेम टेकत. हँडल इतके लांब की महिन्याभरात मानेत कळ येऊ लागली. दोष माझ्या सवयीचा, असे समजून मी गप्प बसले. खरे तर सीट वरखाली करता येते, पण फ्रेमची लांबी कोणत्याही पान्ह्याने कमी होत नाही. म्हणून दुकानातच मधली दांडी दोन्ही पायांमध्ये घेऊन जमिनीवर सपाट उभे राहावे. दांडी आणि अंग यांत दोन-तीन बोटे तरी अंतर राहिले पाहिजे. मग सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवावी. पॅडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला तर सीटची उंची बरोबर. चालवताना आपण चवडा टेकवतो, तेव्हा गुडघा आपोआप किंचित वाकतो. बुटक्या माणसांनी (आमच्या वर्गात आम्ही बहुसंख्य आहोत) आणखी एक पाहावे. लहान फ्रेमला मोठी चाके असली की वळताना पायाचा अंगठा पुढच्या चाकाला घासू शकतो. हँडल वळवून बघितल्याशिवाय हे कळत नाही.

गिअरच्या आकड्याला भुलू नये. पुढे तीन दातेरी चकत्या आणि मागे सात म्हणजे एकवीस, हा गुणाकार खरा. पण त्यांतल्या कित्येक जोड्या जवळजवळ सारखाच वेग देतात, आणि एका बाजूची मोठी दुसऱ्या बाजूच्या मोठीशी जोडली तर चेन तिरकी होऊन झिजते. पाहायचे ते दात. घरी अण्णांची काळी सायकल आहे. तिला पुढे ४४ आणि मागे १८ दात आहेत. पॅडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे साडेपाच मीटर जाते, चढ असो की उतार. हायब्रिडमध्ये पुढे २४ आणि मागे २८ अशी जोडी लावली की एका फेऱ्यात दोन मीटरही जात नाही. माहुलीहून परतताना चढावर याचा अर्थ कळतो. उतारावर ४२ आणि १४ लावा, तीच सायकल साडेसहा मीटर पळते. तीन टोकांचे हे तीन आकडे ठीक असले तर मधले गिअर किती, याला महत्त्व नाही.

स्वस्त सायकलीतला शॉकअ‍ॅब्सॉर्बर हे निव्वळ ओझे. साधा चिमटा त्याच्यापेक्षा किलोभर तरी हलका असतो, आणि चढावर उभे राहून पॅडल मारताना आपला जोर स्प्रिंग दाबण्यात वाया जात नाही. डिस्क ब्रेक पावसात व चिखलात सरस, हे मान्य. पण चकती जरा वाकली की घासू लागते. अ‍ॅल्युमिनियमच्या रिमवरचे साधे रबरी ब्रेक नाक्यावरचे मामा पाच मिनिटांत बसवून देतात.

मामांचा प्रश्न टायर घेतानाही येतो. हायब्रिडच्या चाकावर ७०० असा आकडा असतो, पण रिमवर टायर बसतो तो व्यास ६२२ मिलिमीटर. काळ्या सायकलीचे २८ इंची चाक दिसायला तेवढेच, व्यास मात्र ६३५. तेरा मिलिमीटरचा फरक. एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. म्हणून घेण्यापूर्वी गावात ७०० चे टायर-ट्यूब कुठे मिळतात ते विचारून ठेवावे. ट्यूबचा वॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड असेल तर पेट्रोल पंपावर हवा भरता येते, नाहीतर पंपही विकत घ्या.

आणि हिशेबात हे धरा: पाटीवरच्या किमतीत मडगार्ड, कॅरियर, स्टँड, दिवा, कुलूप बहुधा नसतात. साताऱ्याच्या पावसाळ्यात मडगार्ड ही चैन म्हणता येणार नाही, विशेषतः पांढरी सलवार असेल तर.

माझ्याजवळ दुसऱ्यांदा नव्यापुरते पैसे नव्हतेच. जुनीच पाहायला निघाले, सोबत स्टीलची फूटपट्टी घेऊन. चेनच्या दोन खिळ्यांमधले अंतर बरोबर अर्धा इंच असते, म्हणजे चोवीस अंतरे बारा इंचांत बसली पाहिजेत. एक अष्टमांश इंच जास्त भरली तर चेन गेली, आणि बहुधा मागच्या चकत्याही. पहिल्या दोन सायकली या पट्टीनेच बाद झाल्या. एका मालकाला तर मी वेडी वाटले. तिसरीची चेन बरोबर भरली. पोलादी फ्रेम, १५ इंची, साधा चिमटा, रिमचे ब्रेक. मागच्या चाकाला आउट होता, त्याचे दोनशे रुपये मामांना आणि साडेसात हजार मालकाला. रंग फिका निळा, दोन ठिकाणी उडालेला. घंटी मात्र नव्हती. ती अण्णांच्या सायकलीची काढून बसवली आहे.