जुन्या कवितेचा पडद्यावरील संसार

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि त्यानंतर सव्वा वर्षाने, जानेवारी २०२६ मध्ये, ९९वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन साताऱ्यात भरले. या निमित्तांनी भाषेच्या प्राचीनतेचे गोडवे पुष्कळ गायिले गेले. परंतु जुनी कविता सामान्य माणसाच्या कानावर कोणत्या वाटेने पडत होती आणि ती वाट कशी बुजत गेली, हा प्रश्न कडेलाच राहिला. तमिळला हा दर्जा २००४ मध्येच मिळाला होता आणि तेथे ही वाट अजून वाहती आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या संघम काव्यातील 'कुरुंतोगै' या प्रेमकवितांच्या संग्रहातील चाळिसावी कविता २०१९ च्या 'सगा' या चित्रपटात चाल लावून गायिली गेली. त्याच तोलाची आपली 'गाथासप्तशती', म्हणजे हाल सातवाहनाच्या नावावर असलेला महाराष्ट्री प्राकृतातील गाथांचा संग्रह, मराठी चित्रपटगीताच्या वाट्याला फारशी आली नाही. मराठी पडद्याने हात धरला तो संतांचा आणि शाहिरांचा.

संतांचा अध्याय थोडक्यात आटोपता येतो, कारण त्यावर भरपूर लिहिले गेले आहे. 'प्रभात'च्या 'संत तुकाराम'मध्ये (१९३६) शांताराम आठवले यांनी रचलेले पद लोकांनी तुकोबांचेच मानले, आणि कराडच्या सखूची कथा 'संत सखू' (१९४१) या नावाने पडद्यावर आली, एवढे नोंदवून पुढे गेले तरी चालते.

थांबावे असा काळ १९४७ ते १९५९ हा आहे, आणि त्याच्या मध्यभागी ग. दि. माडगूळकर उभे आहेत. त्यांचा जन्म शेटफळे या गावचा, म्हणजे तेव्हाच्या औंध संस्थानातील आटपाडी महालाचा. ज्या संस्थानात राजाही कीर्तनाला उभा राहत असे, तेथे वाढलेल्या मुलाला ओवी, आर्या आणि कटाव (एकाच लयीत धावणारी, यमकांनी खच्चून भरलेली रचना) शिकवावे लागत नाहीत, ते अंगवळणी पडतात. 'राजकमल'च्या 'लोकशाहीर राम जोशी'त (१९४७) या शिदोरीचा उपयोग झाला. पेशवाईच्या उत्तरार्धातील राम जोशी यांची मूळ रचना आणि माडगूळकरांची नवी रचना वसंत देसाई यांच्या चालींत शेजारी शेजारी बसली, आणि जोड कोठे आहे हे जाणकारालाही चटकन सांगता येईना. राम जोशी यांची संस्कृतप्रचुर शब्दकळा कोणीही उसनी घेऊ शकतो. परंतु ढोलकीची थाप जेथे पडते नेमके तेथेच आतले यमक आणून ठेवणे, आणि सवाल-जबाबात, म्हणजे दोन फडांच्या पद्यमय झुंजीत, समोरच्याच्या वृत्तात आणि प्रासात उत्तर देणे, ही उसनवारीची गोष्ट नव्हे. योगायोग असा की त्याच वर्षी तमिळमध्ये 'नाम इरुवर' या चित्रपटाने सुब्रह्मण्य भारती यांच्या कविता घरोघर पोहोचवल्या.

पुढे 'अमर भूपाळी'ने (१९५१) शाहीर होनाजीची भूपाळी, म्हणजे पहाटे देवाला जागविण्याचे पद, गावोगावच्या सकाळीत नेऊन बसवली. 'सांगत्ये ऐका'तील (१९५९) साताऱ्याच्या वाटेवर बुगडी हरवल्याची लावणी माडगूळकरांनी लिहिली आणि सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले यांनी गायिली. त्या वेळी सांगली जिल्ह्याचे नावही दक्षिण सातारा असेच होते, ते १९६० मध्ये बदलले. ही लावणी जुनी नाही, परंतु वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्षच्या पठ्ठे बापूरावांचा (१८६६–१९४५) फड ऐकलेल्या माणसाला ती परकीही वाटली नाही.

या कर्तृत्वाची तत्कालीन समीक्षेने केलेली संभावना मात्र आजही खटकते. माडगूळकर 'गीतकार', 'कवी' नव्हेत, असा शेरा नवकाव्याच्या पक्षपात्यांनी वर्षानुवर्षे चालवला. ज्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील मर्ढे, त्या बा. सी. मर्ढेकरांनी अभंगाची चौकट वापरली की ती आधुनिकता ठरे, आणि माडगूळकरांनी लावणीची वापरली की ती नक्कल ठरे. या दुटप्पीपणाचे समर्थन तेव्हाही कोणाला धडपणे करता आले नव्हते. १९७३ च्या यवतमाळ संमेलनाचे अध्यक्षपद माडगूळकरांना मिळाले खरे, पण चार वर्षांनी ते गेले आणि शेरा तसाच राहिला.

१९५९ नंतरची वर्षे भराभर ओलांडता येतात. 'जैत रे जैत'मध्ये (१९७७) ना. धों. महानोर यांची कविता हृदयनाथ मंगेशकर यांनी उत्तम सजवली, पण ती समकालीन कविता होती. लावणी पडद्यावर राहिली ती नृत्याच्या आधाराने, पद्याच्या नव्हे. आज गीतकाराला शब्द कमी येतात असे नाही, जुन्या रचनेचा कान मात्र त्याच्याकडे क्वचितच आढळतो, आणि हा कान घडवणारी कीर्तने व फड गावातून उठल्यावर तो येणार तरी कोठून?

चित्रपटाकडेही एक दोष जातो, आणि तो झाकण्यात अर्थ नाही. शाहीर आपले नाव शेवटच्या कडव्यात गुंफतो. यास नाममुद्रा म्हणतात, आणि राम जोशी यांची 'कविराय' ही मुद्रा प्रसिद्ध आहे. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत लांबलचक लावणी मावत नसे, त्यामुळे कात्री बहुधा मागच्या कडव्यांवर चाले आणि कवीचे नाव कवितेतून गळून पडे. तबकडी गेली, वेळेचे बंधन सुटले, तरी मोबाइलवरच्या गाण्यांच्या यादीत गायक आणि संगीतकार ठळकपणे येतात आणि कवीच्या जागी पुष्कळदा 'पारंपरिक' एवढेच लिहिलेले असते. अभिजाततेचा गौरव करणाऱ्या संस्थांनी, आकाशवाणी केंद्रांनी आणि संगीतकारांनी निदान एवढे करावे: जुनी लावणी किंवा भूपाळी पुन्हा ध्वनिमुद्रित होईल तेव्हा ती नाममुद्रेच्या कडव्यासह गावी, आणि श्रेयनामावलीत होनाजी, राम जोशी व पठ्ठे बापूराव यांची नावे छापावीत.