उमेदवार कोण, हे कार्यकर्त्यांनी ठरवलं तर?

मुळशीत निवडणूक जवळ आली की पक्ष इच्छुकांच्या मुलाखती घेतात, निरीक्षक चाचपणी करतात आणि तिकीट वरून ठरतं. गावोगाव राबणाऱ्या कार्यकर्त्याला मत विचारलं जातं. पण त्याची मोजणी होत नाही.

मोजणीचा प्रयोग महाराष्ट्रात झाला आहे. २०१४च्या लोकसभेआधी राहुल गांधींच्या आग्रहाने काँग्रेसने देशातल्या निवडक मतदारसंघांत पक्षांतर्गत मतदान घेतलं. त्यांत वर्धा आणि लातूर होते. मतदानाचा हक्क सामान्य मतदारांना नव्हता. पक्षाचे पदाधिकारी आणि लोकप्रतिनिधी अशा ठरलेल्या यादीलाच होता. वर्ध्यात चारुलता टोकस यांना हरवून सागर मेघे उमेदवार झाले, लातुरात दत्तात्रय बनसोडे. प्रत्यक्ष निवडणुकीत दोघेही भाजपकडून पराभूत झाले.

म्हणून प्रयोग फसला, असं मी म्हणणार नाही. भाजपच्या त्या लाटेत वरून लादलेले उमेदवारही पडले. खरी उणीव मतदारयादीत होती. यादी लहान असली की गट बांधणं सोपं जातं.

तुम्ही एखाद्या पक्षाचे सभासद असाल, तर पुढच्या बैठकीत विचारा: मुळशी ज्यात येते त्या आमच्या भोर मतदारसंघाचा उमेदवार गुप्त मतदानाने का निवडत नाही?