लॅपटॉपबरोबर येणारी प्रणाली

गॅसची जोडणी घ्यावयास गेलेल्या माणसाला ‘शेगडीही आमच्याकडूनच घ्यावी लागेल’ असे वितरकाने सुनावल्याचा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना असेल. घरात चांगली शेगडी असते, पण अडला हरी निमूटपणे पैसे मोजतो. निदान शेगडी डोळ्यांना दिसते आणि तिचे किती घेतले हे कळते. लॅपटॉप घेताना तेवढेही कळत नाही.

लॅपटॉपचे यंत्र ही एक वस्तू, आणि त्यास चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम, जिला आम्ही येथे नुसते प्रणाली म्हणू, ही दुसरी. बहुतेक दुकानांत यंत्र कोणत्याही कंपनीचे असो, प्रणाली मायक्रोसॉफ्टची विंडोजच असते. तिला पर्याय नाही असे नव्हे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली घोषित केलेला ग्नू प्रकल्प आणि हेलसिंकीचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ साली लिहिलेला लिनक्सचा गाभा यांच्या मिलाफातून डेबियन, फेडोरा, उबुंटू अशा अनेक प्रणाली निघाल्या. त्यांची मूळ आज्ञावली कोणासही वाचता, सुधारता व वाटता येते. म्हणून त्यांना मुक्तस्रोत म्हणतात. नोव्हेंबर २०१७ मध्ये जगातील पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीत लिनक्सखेरीज दुसरी प्रणाली उरली नव्हती. महासंगणकाला जी चालते, ती कोपऱ्यावरच्या दुकानात का मिळू नये?

याचे एक कारण जुन्या करारांत सापडते. मायक्रोसॉफ्ट संगणक बनविणाऱ्या कंपन्यांशी असे करार करी की, अमुक जातीचा प्रोसेसर असलेले जितके संगणक कारखान्याबाहेर पडतील, तितक्यांचे शुल्क कंपनीने द्यावे. मग प्रत्यक्ष संगणकात मायक्रोसॉफ्टची प्रणाली असो वा नसो. आता विचार करा. दुसऱ्या कोणाची प्रणाली बसवावयाची, तर उत्पादकाने दोनदा पैसे द्यावयाचे! असा व्यवहार कोणता व्यापारी करील? अमेरिकी सरकारने जुलै १९९४ मध्ये याविरुद्ध दावा दाखल केला, आणि ऑगस्ट १९९५ मध्ये न्यायालयाच्या हुकुमाने ही पद्धत बंद झाली. परंतु तोवर कारखान्यांची, विक्रेत्यांची आणि मुख्य म्हणजे गिऱ्हाइकांची सवय पक्की झाली होती. करार हुकुमाने मोडता येतो, सवय मोडत नाही.

‘ज्याला हवी त्याने घरी नेऊन बसवावी,’ असे यावर सांगण्यात येते. बसवता येते, आणि फुकट येते, हे खरे. पण खोके उघडल्यावर जी प्रणाली समोर येते तीच बहुतेक लोक यंत्र मोडीत निघेपर्यंत वापरतात. शिवाय वाय-फाय, ध्वनी, छपाईयंत्र यांचे प्रणालीशी जुळेल की नाही, हे घरी बसवणाराला आधी ठाऊक नसते. कारखान्यातूनच प्रणाली घालून आली, तर सुटे भाग तिच्याशी जुळतील असे निवडलेले असतात, आणि बिघाड झाल्यास जबाबदारी विकणाऱ्याची राहते. आमच्या मते मुख्य फरक हाच आहे, किंमत दुय्यम. उलट चाचणीपुरती सॉफ्टवेअरे भरून देण्याबद्दल उत्पादकांना इतर कंपन्यांकडून पैसे मिळत असल्याने विंडोजचे यंत्र कधी कधी स्वस्तही पडते.

मागणी दिसली की माल येतो, हे २००७ साली दिसले. डेलने ग्राहकांच्या सूचना मागवल्या, लिनक्सची मागणी फार जोराने आली, आणि मे महिन्यात उबुंटू घातलेले संगणक विकण्याची घोषणा झाली. त्याच वर्षी असूसचा चिमुकला ईई पीसी लिनक्स घेऊन बाजारात उतरला व हातोहात खपला. मायक्रोसॉफ्टने मग काय करावे? निवृत्तीस निघालेल्या विंडोज एक्सपीला अशा स्वस्त यंत्रांपुरती मुदतवाढ दिली. थोड्याच काळात त्या यंत्रांवर एक्सपीचे राज्य झाले.

कायद्याचे उत्तर एकसारखे नाही. इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली निकाल दिला की, यंत्र ठेवून विंडोज नाकारणाऱ्या ग्राहकास तिचे पैसे परत मिळावेत. युरोपीय संघाच्या न्यायालयाने मात्र २०१६ साली म्हटले की, प्रणालीसह यंत्र विकणे हा स्वतःहून गैरव्यवहार ठरत नाही, आणि प्रणालीची किंमत वेगळी न दाखवणे ही दिशाभूलही नव्हे. न्यायालयाचा मान राखूनही हे दुसरे म्हणणे आम्हांस पटत नाही. किंमतच ठाऊक नसेल, तर नको म्हणावयाचे ते कशाच्या हिशेबाने?

आपल्याकडील प्रकार आणखी निराळा. ‘डॉसवाला’ लॅपटॉप म्हणून जे स्वस्त यंत्र मिळते, त्यात पुष्कळदा फ्रीडॉस असते. तीही मुक्त प्रणालीच, १९९४ साली सुरू झालेली. पण तिच्यावर आजची कामे होत नाहीत. मग दुकानातलाच पोरगा दोनचारशे रुपयांत चोरीची विंडोज घालून देतो, आणि गिऱ्हाईक खूष होऊन घरी जाते. त्याच अर्ध्या तासात उबुंटू, किंवा ज्या सी-डॅकचे मुख्यालय पुण्यात आहे तिने २००७ साली आणलेली ‘बॉस’ प्रणाली घालून देता आली असती. केरळातील सरकारी शाळांचे संगणक कित्येक वर्षे मुक्त प्रणालीवर चालत आले आहेत. तेथे निर्णय दुकानदारावर सोडला नव्हता.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि चालती यंत्रे बदलण्याचा प्रश्न अनेक घरांत व कचेऱ्यांत आला. यंदा ज्या संस्था संगणकांसाठी दरपत्रके मागवतील, त्यांच्या चिटणिसांनी अर्जात दोन रकाने वाढवावेत: लिनक्स घातलेल्या यंत्राचा दर, आणि प्रणालीची वेगळी किंमत. दुसरा रकाना बहुधा कोराच परत येईल. तो कोरा का, हे विक्रेत्यास लेखी विचारावे.