उसाच्या पाचटावर शिजणारा वरणभात

ऊस तुटून गेला की रानात पाचटाचा थर उरतो आणि पश्चिम महाराष्ट्रातले बरेच शेतकरी काडी लावून मोकळे होतात. डॉ. आनंद कर्वे आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये सुरू केलेल्या ‘आरती’ या संस्थेने याच पाचटाला स्वयंपाकघराची वाट दाखवली.

युक्ती अशी: पाचट डब्यांत ठासून भरायचं आणि डबे भट्टीत तापवायचे. आत पुरेशी हवा नसल्याने पाचटाची राख होत नाही, कोळसा होतो. त्यातून सुटणारा वायू भट्टीतच जळतो आणि पुढची उष्णता तोच पुरवतो. कोळशाच्या भुकटीत खळ कालवून कांड्या पाडल्या की इंधन तयार. या कामाला 2002 मध्ये अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला.

पण नुसतं इंधन सुधारून भागत नाही. साध्या चुलीत बरीचशी उष्णता भांड्याच्या कडेने निसटते.

म्हणून ‘सराई’ कुकर. खाली छोटी शेगडी, वर वाफेत एकावर एक रचलेले डबे, भोवती स्टीलचं आवरण. मधल्या अरुंद फटीतून गरम हवा भांड्याला घासत वर जाते. सुमारे 100 ग्रॅम कांड्यांत चार-पाच माणसांचं वरण, भात, भाजी शिजते. ढवळत उभं राहावं लागत नाही.

भाकरी मात्र यात होत नाही, तिला तवा आणि जाळच हवा. शिवाय कोळशाचा धूर दिसला नाही तरी कार्बन मोनॉक्साइड असतोच, तेव्हा शेगडी दार-खिडक्या उघड्या ठेवूनच पेटवावी.