शॉर्ट केलेल्या शेअरचा डिव्हिडंड कोण देतं?

शॉर्ट सेलिंग म्हणजे आधी विकायचं, मग विकत घ्यायचं, हे आपण व्हिडिओत पाहिलं. आता खिशाला लागणारा प्रश्न. मध्येच कंपनीने डिव्हिडंड दिला, तर तो कोणाचा?

समजा, काकांचे 100 शेअर तुम्ही उसने घेतले आणि 500 रुपये भावाने बाजारात विकले. कंपनीने शेअरमागे 10 रुपये डिव्हिडंड जाहीर केला. रेकॉर्ड डेटला शेअर ज्याच्या डीमॅटमध्ये, त्यालाच कंपनी पैसे देते. म्हणजे तुमच्याकडून ज्याने घेतले त्याला. पण काका म्हणणार, "शेअर उसने दिलेत, डिव्हिडंड सोडलेला नाही!" बरोबरच आहे त्यांचं. उसनी शेळी विकून टाकली आणि ती व्याली, तर मालकाला शेळीबरोबर करडूही द्यावं लागणार ना? तेव्हा काकांचे 1000 रुपये तुमच्या खिशातून. कंपनी दोनदा देत नाही.

आपल्याकडे ही उसनवारी एसएलबी म्हणजे सिक्युरिटीज लेंडिंग अँड बॉरोइंगमधून चालते. एप्रिल 2008 पासून ती सुरू आहे. तिथे डिव्हिडंडची रक्कम क्लिअरिंग कॉर्पोरेशन उसने घेणाऱ्याकडून वसूल करतं आणि देणाऱ्याला पोचवतं. टाळायची सोयच नाही.

मग हा सगळा तोटाच का? तसं नाही. एक्स-डेटला शेअरचा भाव साधारण डिव्हिडंडएवढा उतरतो. खरी फसगत हिशोबात होते. भाव 500 चा 480 झाला, तुम्ही शेअर परत घेतले, 2000 रुपये सुटले असं वाटतं. त्यातले 1000 डिव्हिडंडचे गेले. उरलेल्या 1000 मधून उसनवारीची फी आणि ब्रोकरेज जायचंच आहे. दुकानाचं खेळतं भांडवल यात घालायचा विचार असेल, तर आधी वहीत हे आकडे मांडा. (खरं तर ते भांडवल इथे आणूच नका, असं माझं मत.)

इंट्राडे शॉर्ट करणाऱ्यांना ही भानगड नाही. सौदा त्याच दिवशी मिटतो, आणि एक्स-डेटला भाव डिव्हिडंड वजा होऊनच उघडलेला असतो.

फ्युचर्स विकले तर? तिथे उसने शेअरच नसतात, त्यामुळे डिव्हिडंड कोणाला द्यावा लागत नाही. मात्र येणारा डिव्हिडंड फ्युचर्सच्या भावात बाजाराने बहुधा आधीच वजा धरलेला असतो. त्यामुळे एक्स-डेटला शेअर उतरला म्हणून फ्युचर्सही तेवढा उतरेल, असं समजू नका.