ओढ्याकाठच्या पायवाटेवर धावणे : घर्षण, उतार आणि पाण्याचा रेटा

डांबरी रस्ता सोडून जंगलातल्या पायवाटेवर धावण्याला 'ट्रेल रनिंग' म्हणतात. जबलपूरच्या अधारताल भागात राहणाऱ्यांना यासाठी डुमना निसर्ग उद्यान जवळचे आहे. हजार हेक्टरांहून मोठ्या या जंगलात खंदारी जलाशय आहे. अशा वाटेवर प्रत्येक पावलागणिक यंत्रशास्त्राचे एक गणित सुटत असते. आज त्यातली तीन गणिते पाहू. तिसऱ्यावर जीव अवलंबून असतो, म्हणून ते नीट करून पाहा.

१. पाय कधी घसरतो?

उतारावर ठेवलेला पाय टिकण्यासाठी घर्षण गुणांक हा उताराच्या कोनाच्या टॅन्जंटएवढा किंवा त्याहून जास्त असावा लागतो. कोरड्या खडकावर रबरी तळव्याचा गुणांक ०.६ धरला, तर सुमारे ३१ अंशांपर्यंत पाय टिकतो. ओढ्याकाठच्या दगडावर शेवाळ असते. शेवाळाचा बुळबुळीत थर तळवा आणि दगड यांच्यामध्ये वंगणासारखा काम करतो. तिथे गुणांक ०.२ धरला, तर ही मर्यादा फक्त ११ अंशांवर येते.

उतरताना लांब ढांग टाकली, की पायातून जाणारे बल पुढच्या दिशेने तिरके पडते. परिणाम उतार वाढल्यासारखाच होतो. म्हणून ओल्या उतारावर पावले आखूड आणि जलद टाकावीत व पाय शरीराच्या जवळपास खाली पडावा.

२. चढ-उताराला ऊर्जा किती?

मिनेट्टी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये धावपटूंवर केलेली मोजमापे या विषयात नेहमी वापरली जातात. सपाटीवर धावताना दर किलो वजनामागे दर मीटरला सुमारे ३.४ ज्यूल ऊर्जा लागते. ४५ टक्के चढावर ती सुमारे १९ ज्यूल होते, म्हणजे पाचपटीहून अधिक. सर्वांत कमी खर्च २० टक्के उतारावर होतो, सुमारे १.७ ज्यूल. त्याहून तीव्र उतारावर खर्च पुन्हा वाढतो, कारण स्नायूंना शरीर आवरून धरावे लागते.

यातून दोन गोष्टी निघतात. तीव्र चढावर धावण्याचा हट्ट न धरता चालणे शहाणपणाचे. आणि उताराला दम कमी लागतो म्हणून तो सोपा समजू नये. तिथे मांडीचे स्नायू लांबत असतानाच जोर लावतात, त्यामुळे ते एक-दोन दिवसांनी दुखू लागतात.

३. ओढा ओलांडावा का?

जबलपूर असो की सह्याद्री, वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. वरच्या अंगाला सर आली, की खाली ऊन असतानाही ओढा चढतो.

पाण्याचा रेटा = ½ × घनता × रोध गुणांक × क्षेत्रफळ × वेगाचा वर्ग.

उदाहरण : ६० किलो वजनाचा विद्यार्थी गुडघाभर, म्हणजे ०.४ मीटर पाण्यात उभा आहे. प्रत्येक पायाची रुंदी ०.१२ मीटर, रोध गुणांक १, शेवाळी तळाचा घर्षण गुणांक ०.२.

दोन्ही पायांचे क्षेत्रफळ ०.०९६ चौरस मीटर. पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटर असेल, तर रेटा ४८ न्यूटन. वेग दुप्पट झाला, तर रेटा चौपट, म्हणजे १९२ न्यूटन.

आता घर्षण पाहू. बुडालेले पाय सुमारे ७ किलो पाणी बाजूला सारतात, म्हणून तळावर भार ५३ किलोचाच पडतो. घर्षण = ०.२ × ५३ × ९.८, म्हणजे सुमारे १०४ न्यूटन. रेटा याच्या बरोबरीला येतो तो वेग सेकंदाला सुमारे दीड मीटर. त्यापुढे पाय सुटतो.

पाणी मांडीपर्यंत, ०.८ मीटर झाले तर? क्षेत्रफळ दुप्पट होते, भार आणखी घटतो आणि मर्यादा सेकंदाला १ मीटरच्याही खाली येते. पोहता येते की नाही, याचा या हिशेबाशी संबंध नाही.

अभियंता मर्यादेवर काम करत नाही. रेट्यासाठी सुरक्षा गुणांक २ घेतला, तर गुडघाभर पाण्यात चालणारा वेग सेकंदाला सुमारे १ मीटर उरतो. तो मोजायला उपकरण नको. काठावर ५ मीटर अंतर पावलांनी मोजा आणि प्रवाहात एक पान टाका. पानाला ५ सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला, पाणी गढूळ झाले, तळ दिसेनासा झाला किंवा पाणी गुडघ्याच्या वर असेल, तर परत फिरा. एक पाय उचलला की आधार एकाच पायाचा राहतो, म्हणून ओलांडताना काठी हा तिसरा पाय समजा.

डुमनासारख्या ठिकाणी मात्र हे गणित मांडूच नका. खंदारी जलाशयात मगरी आहेत, तेव्हा पाण्यापासून लांबच राहा. जंगलात सोबतीशिवाय धावू नका आणि निघण्यापूर्वी परतण्याची वेळ घरी सांगा.

स्वाध्याय

१. वजन ४५ किलो असेल, तर गुडघाभर पाण्यातला मर्यादा-वेग काढा. बुडालेल्या पायांनी सारलेले पाणी ५ किलो धरा. इतर मापे तीच.
२. पाठीवर ८ किलोची पिशवी असल्यास घर्षण वाढते. तरीही ओलांडताना पिशवीचा कमरपट्टा सोडून ठेवायला का सांगतात?