काठमांडूचे भिंग

‘आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन’ ही म्हण आपण सहज बोलून जातो. परंतु देवाने दिलेले डोळे चष्मा फुटताच परत गेले, तर त्या देण्यास काय म्हणावे? नेपाळच्या डोंगरांत हा प्रश्न एके काळी अगदी खरा होता.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातील नैसर्गिक भिंग गढूळ होणे. ते काढले की प्रकाश आत येतो खरा, पण भिंगच गेल्याने सारे धूसर दिसते. म्हणून पूर्वी शस्त्रक्रियेनंतर रोग्यास बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा देत. परदेशच्या पैशावर शिबिरे भरत, डॉक्टर शस्त्रक्रिया करून निघून जात. मागे एखाद्या म्हातारीचा चष्मा दगडावर पडून फुटला, की बिचारी पुन्हा चाचपडू लागे.

यावर उपाय नव्हता असे नाही. डोळ्यातच कृत्रिम भिंग बसविण्याची किमया हॅरल्ड रिडली यांनी १९४९ साली लंडनमध्ये करून दाखविली होती. परंतु पुढे कित्येक वर्षे त्या भिंगाची किंमत गरिबाच्या आवाक्याबाहेरच राहिली. श्रीमंतास भिंग आणि गरिबास चष्मा, अशी ही विभागणी जगाने मुकाट्याने मान्य केली होती.

ती दोघांना मान्य नव्हती. एक फ्रेड हॉलोज. न्यूझीलंडमध्ये जन्मलेला हा फटकळ नेत्रवैद्य ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या डोळ्यांसाठी झटत होता. दुसरे संदुक रुइत. कांचनगंगेच्या परिसरातील एका दुर्गम खेड्यात १९५४ साली जन्मलेले, शाळेसाठी दार्जिलिंगला पाठविलेले आणि लखनौला डॉक्टर झालेले. धाकटी बहीण क्षयाने गेली, तेव्हाच त्यांनी वैद्यक शिकण्याचे ठरविले होते. १९८५ साली हॉलोज नेपाळला आले आणि दोघांचे सूत जुळले.

हॉलोज १९९३ साली कर्करोगाने वारले. पण त्यांच्या नावाच्या संस्थेच्या साह्याने १९९४ साली काठमांडूत तिलगंगा नेत्रकेंद्र उभे राहिले, आणि सोबत भिंगांचा कारखानाही. नेपाळी हातांनी घडविलेले भिंग अवघ्या काही डॉलरांत मिळू लागले. ते परदेशीही जाऊ लागले. ऐपत असलेल्यांनी पैसे द्यावे, नसलेल्यांवर फुकट उपचार व्हावेत, अशी तेथील रीत पडली.

स्वस्त ते कच्चे, अशी शंका वाचकांस येईल. तज्ज्ञांसही ती आली होती. रुइत यांची बिनटाक्याची, लहान छेदाची पद्धत आणि महागड्या यंत्राची पद्धत यांची नेपाळातच १०८ रोग्यांवर तुलना झाली. २००७ साली प्रसिद्ध झालेला निकाल असा : सहा महिन्यांनंतर दोन्हींकडे ९८ टक्के रोग्यांची दृष्टी उत्तम. वेळ मात्र यंत्रास सरासरी साडेपंधरा मिनिटे, तर रुइत यांच्या पद्धतीस नऊ!

परकी मदत पुष्कळ ठिकाणी येते आणि जाते. पाहुण्याने आणलेला शिधा चार दिवसांत सरतो. त्याने चूल मांडून दिली, तर घर जेवू लागते. हॉलोज यांच्या माघारी काठमांडूची चूल पेटलेलीच राहिली, ती त्यामुळेच.